चौदाव्या दिवसाचा हिशोब तुला लागू नाही

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला वाचला. 'सत्तेचाळीस दिवस झाले मावशी, टेस्ट परत निगेटिव्ह.' खाली पट्टीचा फोटो, एकच गुलाबी रेघ. दुसरी रेघ दिसते का म्हणून तू ती पट्टी दिव्याखाली तिरकी धरून किती वेळ बघितली असशील, मला ठाऊक आहे. फोनवर बोलायला लागलो तर तुला रडू येईल आणि अर्धं राहून जाईल, म्हणून लिहिते.

आधी या महिन्याचं. पाळी अनियमित असली की बीज कधी कधी फार उशिरा फुटतं, म्हणजे अंडाशयातून बाहेर पडतं. तुझं चाळिसाव्या दिवशी फुटलं असेल, तर सत्तेचाळिसाव्या दिवशीची टेस्ट लवकरच झाली. आठवडाभर थांब, सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा कर. आणि तोवर पाळी आणायची गोळी घेऊ नकोस, कुणीही दिली तरी.

तू लिहिलंस, 'आम्ही बाराव्या ते सोळाव्या दिवसांत प्रयत्न करतो.' अगं, हा हिशोब २८ दिवसांनी पाळी येणारीचा. बीज फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस बहुतेकींचे १४ च्या आसपास असतात. लांबतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणजे ४५ दिवसांनी पाळी आली असेल तर बीज एकतिसाव्या दिवसाच्या सुमारास फुटलं असणार, फुटलं असेल तर! वर्षभर तुम्ही बाराव्या दिवसाची वाट बघितलीत, आणि खरे दिवस आले तेव्हा नवरा नाइट शिफ्टला.

'फुटलं असेल तर' हे मुद्दाम लिहिलं. रक्तस्राव झाला म्हणजे बीज फुटलं असं धरून चालू नकोस. लग्नानंतर माझी पाळी दोन-दोन महिने यायची नाही. ज्यांच्याकडे गेले त्यांनी 'पाळी नियमित करू' म्हणून २१ दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या. दर महिन्याला ठरल्या दिवशी पाळी यायची, सासूबाई देवापुढे साखर ठेवायच्या, मीही खूश. दीड वर्षानंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, 'मूल हवंय ना? मग गर्भनिरोधक गोळ्या का घेताय?' मी तेव्हा स्त्रीरोग वॉर्डात नर्स होते. रोज दुसऱ्यांना त्याच गोळ्या समजावून द्यायचे, आणि स्वतःच्या वेळी तोंडातून प्रश्न निघाला नव्हता. ते दीड वर्ष अजून टोचतं. तू विचारत जा. 'या गोळीने बीज तयार होणार आहे, की नुसती पाळी येणार आहे?' एवढं एकच वाक्य पाठ कर.

शरीर स्वतःही सांगतं. बीज फुटायच्या आधीचे दोन-चार दिवस अंगावरून जाणारं पाणी बदलतं. एरवी घट्ट किंवा पांढरट असतं, ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं पारदर्शक होतं. अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरलं तर दोऱ्यासारखं ताणतं, चटकन तुटत नाही. ते दिसलं की तेच तुमचे दिवस. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज मात्र फार तर २४ तास. म्हणून नेमका दिवस धरायच्या मागे लागू नका, दर दोन-तीन दिवसांनी एकत्र या, बस. बीज फुटायचे दिवस सांगणाऱ्या ओव्हुलेशनच्या पट्ट्यांवर फार पैसे घालवू नकोस. पीसीओएसमध्ये, म्हणजे बीज वेळेवर न फुटण्याच्या त्रासात, ज्या हार्मोनवर त्या पट्ट्या चालतात तेच मुळात वाढलेलं असू शकतं आणि मग त्या फसवतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं? आता. वर्षभर वाट बघा हा सल्ला पाळी वेळेवर येणाऱ्यांसाठी आहे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि सोनोग्राफी सांगतील. रिपोर्टमध्ये 'ओव्हरीत सिस्ट' असं काही लिहून आलं तर तुझ्या आईला लगेच ऑपरेशन आठवेल. पीसीओएसमध्ये त्या बहुतेक वेळा पूर्ण न वाढलेल्या बीजांच्या छोट्या पिशव्या असतात, कापून काढायच्या गाठी नव्हेत. बीज फुटलं का ते सांगणारी प्रोजेस्टेरॉनची तपासणी 'एकविसाव्या दिवशी' असं छापील सांगितलं तर तुझ्या तारखा दाखव; ती पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची असते.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच महिन्यात. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा, त्याला सुई नाही, भूल नाही. तुला दहा तपासण्यांतून नेऊन मग त्याच्याकडे वळणं हा सरळ अन्याय आहे, आणि मी तो वर्षानुवर्षं बघितलाय. तो 'मला काय झालंय?' म्हणाला तर मला फोन लावून दे.

पुढे बहुधा लेट्रोझोल ही गोळी लिहून देतील. नेटवर शोधशील तर स्तनाच्या कॅन्सरचं औषध म्हणून दिसेल. तशी ती आहेच. आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदीही आली होती, २०१७ मध्ये ती उठली. आज पीसीओएसमध्ये बीज तयार करायला बहुतेक ठिकाणी तीच आधी देतात. फक्त मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणू नकोस, तपासणीनंतर डॉक्टरांनीच द्यायची. पहिल्या वेळी तरी फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे ठरावीक दिवसांनी सोनोग्राफी, करून घे, बीज खरंच वाढतं का, फुटतं का ते कळतं. फॉलिक ॲसिड मात्र आजपासून, रोज निदान ४०० मायक्रोग्रॅम. वजन म्हणशील तर तुझं ७२ आहे. साडेतीन-चार किलो उतरले तरी पुष्कळींची पाळी जागेवर येते. त्याच्यापुढची चिंता आत्ता नको.

एका गोष्टीवर मी रागावणार आहे. गौरींसाठी गोळी, मग तुळशीच्या लग्नानंतर नणंदेच्या हळदीसाठी गोळी. वर्षात दोनदा तू पाळी पुढे ढकललीस, आणि आता तारखा का जुळत नाहीत म्हणून रडतेस. या वर्षी गौरी जाऊबाई बसवतील. सासूबाईंना सांगायला जीभ वळत नसेल तर मी बोलते, त्या माझं ऐकतात.

रविवारी दुपारी ये. तुझ्या कालनिर्णयवर तू पेनने बारीक टिंबं करतेस, कुणाला कळू नये म्हणून, ते मी दिवाळीत पाहिलंय. गेल्या वर्षीचं रद्दीत घातलं नसेल तर तेही घेऊन ये. दोघी बसून दिवस मोजू.

तुझी,
मावशी