नोटपॅडमध्ये मराठी फाइल सेव्ह करताना ‘युनिकोड अक्षरं जातील’ असा इशारा येतो. ओके दाबू का?

दाबू नका. आधी कॅन्सल करा, मग पुढचं वाचा.

सोसायटीच्या सभासदांची मराठी यादी सेव्ह करताना लांबलचक इंग्रजी चौकट येते आणि शेजारी म्हणतात व्हायरस असेल, असं तुम्ही लिहिलंय. व्हायरस नाही हो. कधी नव्हे ते संगणक सरळ बोलतोय. फाइल ‘आन्सी’ प्रकारात, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या एका जुन्या, छोट्या तक्त्याप्रमाणे सेव्ह होतेय. आपल्याकडच्या मशीनवर त्या तक्त्यात २५६ घरं, तीही इंग्रजी आणि युरोपातल्या अक्षरांनी भरलेली. देवनागरीला एकही घर नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाजागी प्रश्नचिन्ह बसतं.

मी यात पोळलोय. कळव्याच्या आमच्या मंडळाची वर्गणीची यादी ठाणे स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे, विंडोज ७ च्या मशीनवर केली. मागे रांग, मालक घाई करतोय, मी ओके दाबून मोकळा. पडद्यावर सगळं जागच्या जागी! नोटपॅड बंद करेपर्यंत ते तसंच दिसतं, हीच मेख. घरी पेन ड्राइव्ह लावला तर ५०१, ११०० हे आकडे शाबूत, कारण ते इंग्रजीत टाइप केलेले. वर्गणी शिल्लक, देणारे गायब. पत्त्यांची तर मजाच. काना-मात्रा-वेलांटीही सुटं चिन्ह म्हणून मोजली जाते, त्यामुळे ‘ठाणे’, ‘कळवा’ आणि ‘दिवा’ तिन्ही ‘????’. एक मुंब्रा तेवढं सात प्रश्नचिन्हांमुळे ओळखू आलं. खजिनदार काकांनी पावतीपुस्तकं माझ्यापुढे आपटली आणि अख्खी यादी परत लिहायला लावली.

तुम्ही एवढंच करा: फाइल मेन्यूत ‘सेव्ह ॲज’, खाली ‘एन्कोडिंग’चा कप्पा, त्यात ‘यूटीएफ-८’ (युनिकोड हा जवळपास सगळ्या लिप्या सामावणारा मोठा तक्ता, तो फाइलीत लिहायची ही पद्धत). विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून नव्या फाइलला हे आपोआप लागतं. म्हणजे तुमचं मशीन जुनं असणार, नाहीतर तुम्ही जुन्याच आन्सी फाइलमध्ये भर घालताय.

यादी पुढे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) म्हणून एक्सेलमध्ये उघडायची असेल तर ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ निवडा; बॉम म्हणजे ‘ही यूटीएफ-८ फाइल आहे’ असं सांगणारी सुरुवातीची न दिसणारी खूण. (विंडोज ७ मध्ये हा वेगळा पर्याय दिसणार नाही, तिथे साध्या यूटीएफ-८ मध्येच बॉम येतो.) नाहीतर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ ओळभर नाचताना दिसेल. त्याला घाबरू नका. तिथे मराठी आत सुखरूप असते, एक्सेल ती चुकीच्या तक्त्यावरून वाचत असतं. प्रश्नचिन्हांचं तसं नाही. तिथे मूळ अक्षर फाइलीत उरलेलंच नसतं, कुठलाही कन्व्हर्टर ते आणून देणार नाही.

डीटीपीवाले ‘आम्हाला कधी असा इशारा आला नाही’ म्हणतील. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजीचेच संकेत, वरून मराठीचा मुखवटा. आन्सीला तक्रार करायला जागाच नाही.

आणि ओके आधीच दाबून झालं असेल, पण नोटपॅडची खिडकी अजून उघडी असेल, तर बंद करू नका. सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नव्या खिडकीत पेस्ट करा आणि यूटीएफ-८ मध्ये दुसऱ्या नावाने सेव्ह करा. ती नवी फाइल एकदा बंद करून उघडून बघा, नावं दिसली की मग जुनी खिडकी मिटा.