सेवा कोणाला हवी आहे, ते आधी विचारा

मुलगा नववीत आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी मदत करतो, उरलेला वेळ अभ्यासाचा. शाळेने आता समाजसेवाही ठेवली आहे, तीही रविवारी. ही कशाला? (एक पालक, चोपडा तालुका)

रविवारबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. दसऱ्यापासून वेचणी सुरू झाली की आपल्याकडच्या कितीतरी मुलांची सुटी शेतातच जाते. मुलींच्या मागे तर पाणी, भांडी, धाकटी भावंडं हेही असतंच. म्हणून समाजसेवेचे तास वेळापत्रकातच बसवायला हवेत. चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना तसं लेखी द्या.

मात्र घरी राबतो म्हणून सेवा नकोच, हे मला पटत नाही. घरी तो आपल्या माणसांसाठी राबतो. ज्याच्याशी काही नातं नाही अशा माणसाच्या अडचणीत लक्ष घालायची सवय वेगळी लावावी लागते. शिकलेले लोक आणि सामान्य जनता यांच्यातली दरी कोठारी आयोगाला (१९६४-६६) खुपत होती. समाजसेवा शिक्षणाचा भाग असावी, असं त्याने सुचवलं ते त्यामुळेच.

उशीर झाला की सर मैदान झाडायला लावतात आणि ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या तासांत धरतात. हे बरोबर आहे का? (अकरावीची विद्यार्थिनी, शहादा)

अजिबात नाही. योजनेत वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम अपेक्षित असतं, शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर. शिक्षा त्यात मोजली जाऊ नये. झाडू हातात देणं ही शिक्षा ठरली, तर रोज गाव झाडणाऱ्या माणसाकडे तुम्ही मुलं कोणत्या नजरेने बघाल? स्वच्छतागृह धुवायला नेमकी कोणत्या घरांतली मुलं उठवली जातात, हेही शिक्षकांनी तपासावं. सगळ्यांची पाळी लागली पाहिजे, सरांचीसुद्धा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले साने गुरुजी १९३६च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी ग्रामसफाईला स्वतः उतरले होते, मैलाही त्यांनी वाहिला. वर्गप्रतिनिधीला सोबत घेऊन हे योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या कानावर घाल.

दरवर्षी वृक्षारोपण आणि जनजागृती फेरी. मुलं कंटाळली आहेत. दुसरं काय घेता येईल? (शिक्षक, साक्री तालुका)

मुलं कंटाळतात कारण पुढे काय झालं ते त्यांना कधी दिसत नाही. जुलैत रोप लावलं, फोटो निघाला, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पाणी घालायला कुणी नाही. पारा ४४च्या पुढे जातो तिथे रोप जगवणं हीच खरी सेवा. दहाच रोपं लावा, पण प्रत्येकाची जबाबदारी दोघांवर द्या आणि सुटीतल्या पाण्याचं आधीच ठरवा.

त्याआधी एक काम करा. मुलांच्या जोड्या गल्लोगल्ली पाठवा. त्यांनी फक्त विचारायचं, "तुम्हाला कशाची अडचण आहे?" उत्तरं वहीत उतरवायची. शाळेला वाटतं त्यापेक्षा ती वेगळी निघतील. कुणाला पेन्शनचा फॉर्म भरता येत नसेल, कुठे हातपंप बंद असेल.

साक्रीत पाण्याचा विषय निघेलच, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी साधारण ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. तुमच्या मुलांनी गावातल्या दोन-तीन विहिरींची दर महिन्याला मोजावी. दोरीला वजन बांधायचं, दोरी ओली कुठून झाली ते बघायचं, टेपने मोजायचं. कठडा असलेलीच विहीर निवडा, दोरी मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. शाळेच्या छपराचा हिशोबही त्यांनीच करावा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छप्पर शंभर चौरस मीटर आणि पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर ६०,००० लिटर पाणी पडतं. सगळं साठवता येत नाही, पण हा आकडा ग्रामसभेत मुलांनी मांडला तर मोठी माणसं ऐकतात. गणित, भूगोल, नागरिकशास्त्र यातच येतं.

तुमच्या तालुक्यातलं बारीपाडा जवळच आहे. तिथल्या वनरक्षणासाठी चैत्राम पवार यांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांना तिथे घेऊन जा, पण भाषण ऐकवायला नको. जंगल राखायचे नियम गावाने कसे ठरवले, मोडले तर काय होतं, हे त्यांनी गावकऱ्यांना विचारावं.

उल्लास या प्रौढ साक्षरतेच्या कार्यक्रमात आजीला शिकवायला घेतलं. ती पुस्तक उघडतच नाही. (दहावीचा विद्यार्थी, अमळनेर तालुका)

पुस्तक आठवडाभर बाजूला ठेव. आधी तिचं नाव, मग तुझं, मग गावाचं. बँकेच्या पासबुकातले आकडे आणि एसटीच्या पाट्या घे. घरात अहिराणी बोलत असाल तर पहिलं वाक्य अहिराणीतच लिहू दे, लिपी तीच आहे. बसायची वेळही तिनेच ठरवावी.