इटलीत मास्टर्स करताना अभ्यास सांभाळून आजूबाजूची गावं पाहता येतात का? सुरुवात कुठून करावी?

तुम्हाला बोलोन्याला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरात निघायचंय. दोन वर्षांत फिरायला वेळ आणि पैसे पुरतात का, आणि रोम-व्हेनिस-फ्लॉरेन्स सोडून कुठे जावं, असं तुम्ही विचारलंय. मी त्याच विद्यापीठात शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेळही पुरतो, पैसेही पुरतात. पण माझा आग्रह आहे की पहिलं वर्ष तरी बोलोन्याच्या आसपासच फिरा. युरोपात पाय ठेवला की पॅरिस, प्राग, ॲमस्टरडॅम सगळं एकदम खुणावायला लागतं. बरोबरची मुलं स्वस्त विमानं पकडून दर महिन्याला नवा देश गाठत असतात. मला मात्र इटली जी काही कळली ती तासाभराच्या साध्या गाड्यांनी, त्याच त्याच गावांत परत परत जाऊन कळली.

याला कागदपत्रांचंही एक कारण आहे. पोचल्यावर ८ कामकाजाच्या दिवसांत निवास परवान्यासाठी, ज्याला तिथे सगळे ‘पेर्मेस्सो’ म्हणतात, पोस्टातून अर्ज करावा लागतो. मग पोलीस कचेरीत बोटांचे ठसे द्यायचे, आणि कार्डाची वाट पाहायची. ते हातात यायला कित्येक महिने जातात. दरम्यान व्हिसाची मुदत संपली आणि जवळ फक्त पोस्टाची पावती उरली, तर इटलीत राहायला आणि फिरायला काही अडचण नाही, पण त्या पावतीवर शेजारच्या शेंगेन देशांत, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, जाता येत नाही. तेव्हा ही मोठी सवड जवळच्या गावांना द्यावी.

आधी अभ्यासाचं सांगते, कारण फिरण्याचं वेळापत्रक त्यावरच बसवायचंय. परीक्षा मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारी, जून-जुलै आणि सप्टेंबर अशा तीन हंगामांत येतात. त्या त्या हंगामात एकाच विषयाच्या एकाहून जास्त तारखा असतात, त्यातली तुम्ही निवडायची. बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. प्राध्यापकांसमोर बसायचं, मागे इतर विद्यार्थी ऐकत बसलेले, आणि अर्धा तास बोलायचं. गुण ३० पैकी, १८ ला पास. मिळालेले गुण कमी वाटले तर नाकारून पुन्हा बसता येतं, हे ऐकून आपल्याकडच्या माणसाचा विश्वास बसत नाही. लेखी पेपरांवर वाढलेल्या मुलांना सगळ्यात जास्त जड जातं ते हे बोलणं. विषय येत असतो, पण समोरच्याने मधेच अडवून ‘असं का?’ विचारलं की वाक्य तुटतं. तो धीर मला वर्गात मिळाला नाही. तो मिळाला गावांच्या बाजारात, स्टेशनावर, चर्चच्या दारात, जिथे इंग्रजीचा काही उपयोग नव्हता. बोलोन्यात विद्यापीठाच्या आसपास इंग्रजीवर दोन वर्षं सहज निघतात. म्हणून तिथून बाहेर पडायचं.

आता नकाशा. इसवी सनापूर्वी १८७ मध्ये एमिलिउस लेपिदुस नावाच्या रोमन कॉन्सलने रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत एक जवळजवळ सरळ रस्ता बांधला, तो वीया एमिलिया. रिमिनी, चेझेना, फोर्ली, फाएन्झा, इमोला, बोलोन्या, मोदेना, रेज्जो, पार्मा, पिआचेन्झा ही शहरं त्या एका रस्त्यावर ओळीने आहेत, आणि आजची रेल्वेही त्याला धरूनच जाते. बोलोन्या त्याच्या मधोमध. म्हणजे कुठल्याही रविवारी सकाळी स्टेशनावर जाऊन डावीकडे की उजवीकडे एवढंच ठरवायचं. शिवाय १८६१ मध्ये इटली एक होण्याआधी इथे कुणी पोपच्या अमलाखाली, कुणी एस्ते घराण्याच्या, कुणी फार्नेझेंच्या. त्यामुळे तीस-चाळीस किलोमीटरवर पाव बदलतो, पास्त्याचा आकार बदलतो, म्हाताऱ्यांची बोली बदलते. हा फरक एका फेरीत दिसत नाही.

स्टेशनाचं नाव निघालं म्हणून सांगते. बोलोन्या स्टेशनाच्या दर्शनी भिंतीवरचं एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं आहे. बिघडलेलं नाही. २ ऑगस्ट १९८० ला तिथल्या प्रतीक्षागृहात बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. आत भिंतीला पडलेली भेग तशीच राखली आहे, शेजारी नावांची पाटी आहे. तुम्ही तिथून दर आठवड्याला जाल, तर एकदा थांबून ती नावं वाचा.

फेरारा अर्ध्या-पाऊण तासावर. सपाट, सायकलींचं गाव. एस्तेंचा किल्ला चारही बाजूंनी पाण्यात उभा आहे, आणि शहराभोवती जवळजवळ ९ किलोमीटरचा तट आहे, त्यावरून सायकलने पूर्ण फेरी मारता येते. पालात्सो देई दियामान्ती या वाड्याच्या भिंतींवर हिऱ्यासारखे कोरलेले सुमारे साडेआठ हजार संगमरवरी दगड आहेत. उन्हाची तिरीप फिरते तशी ती भिंत बदलत जाते. शाकाहारी असाल तर इथे भोपळा भरलेले ‘काप्पेल्लाच्ची’ हे पास्त्याचे मोदकासारखे तुकडे मिळतात, लोणी आणि सेजच्या पानांबरोबर. किंचित गोड चव आहे, मला फार आवडली.

मोदेनाला कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर विलिजेल्मो या शिल्पकाराने कोरलेले बायबलमधल्या उत्पत्तीकथेचे पट आहेत. काम १०९९ ला सुरू झालेलं. तिथलं पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर घरांच्या माळ्यावर, उतरत्या आकाराच्या लाकडी पिंपांत निदान १२ वर्षं मुरतं. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांचा नवा संच सुरू करायचा, अशी जुनी रीत होती. बाजारातल्या स्वस्त बाटलीशी त्याचा संबंध नाही. एखाद्या माळ्यावर कुणी चमच्यावर दोन थेंब चाखायला दिले तर कळतं.

राव्हेन्नासाठी पूर्ण दिवस ठेवा. ४०२ पासून ही पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी होती, पण बाहेरून पाहिलं तर साध्या विटांच्या इमारती. गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाधीत शिरताना वाकल्यासारखं वाटतं, इतकी ती बुटकी आहे. आतलं मोझेइकचं (रंगीत तुकडे जडवलेलं) छत गडद निळं, त्यावर सोनेरी तारे, आणि अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या पातळ खिडक्यांतून येणारा मधाच्या रंगाचा उजेड. डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात. लोक फोटो काढून त्याआधीच बाहेर पडतात. शेजारच्या सान व्हिताले चर्चमध्ये, ज्याची प्रतिष्ठापना ५४७ ची, सम्राट जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा समोरासमोरच्या भिंतींवर मोझेइकमध्ये आहेत. इटलीचा महाकवी दान्ते इथेच १३२१ मध्ये वारला. त्याला हद्दपार करणारं फ्लॉरेन्स आजही दर सप्टेंबरात त्याच्या समाधीवरच्या दिव्यासाठी तेल पाठवतं.

फाएन्झा हे मातीच्या भांड्यांचं गाव. १९०८ मध्ये स्थापन झालेलं सिरॅमिकचं संग्रहालय तिथे आहे. तिथून फ्लॉरेन्सकडे जाणारी डोंगरी गाडी पकडली की थोड्याच वेळात ब्रिसिगेल्ला. तीन टेकड्या, एकीवर किल्ला, एकीवर घड्याळाचा मनोरा, एकीवर मारियाचं देऊळ. त्यांच्या पायथ्याला गाव. घरांच्या पहिल्या मजल्यावरून जाणारी एक छपराची गल्ली आहे, कमानींच्या खिडक्या असलेली. टेकड्यांतल्या खाणींमधून जिप्सम वाहून आणणारी गाढवं तिथून ये-जा करायची, म्हणून ती गाढवांची गल्ली. मला सर्वांत जवळचं वाटलेलं गाव हेच. ऑलिव्हचं तेल विकणाऱ्या आजींनी माझं मोडकं इटालियन शांतपणे ऐकून घेतलं, चुकलेलं क्रियापद दुरुस्त केलं आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. पुढच्या वेळी त्यांनी ओळखलं.

आता ज्या ठिकाणाबद्दल मला खरोखर लिहायचं होतं, तिथे येते. याच पट्ट्यातून सेनिओ नावाची एक छोटी नदी वाहते. पात्र अरुंद, पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले मातीचे उंच बांध. १९४४-४५ च्या हिवाळ्यात दोस्त सैन्य आणि जर्मन सैन्य यांच्यातली आघाडी इथे महिनोनमहिने अडकली होती. ९ एप्रिल १९४५ ला शेवटचा हल्ला सुरू झाला आणि २१ एप्रिलला बोलोन्या मोकळं झालं. त्या हल्ल्यात दोस्तांच्या बाजूने लढणारी ब्रिटिश भारतीय सैन्याची ८ वी इंडियन डिव्हिजन होती, आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव त्यात होते. त्यांच्याबरोबरची तुकडी पूर्वेकडच्या बांधावर जवळजवळ संपली. गोळीबारात, खोल पाण्यातून, उभा बांध चढून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक सुरक्षित जागी नेलं. मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला जखम झालेली असताना बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला.

मी नगर जिल्ह्यातलीच. शाळेत हे नाव कधी कानावर आलं नव्हतं. ते कळलं आल्फोन्सिनेला, जे फेरारा-राव्हेन्ना रेल्वेवर आहे आणि जिथे सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे. नंतर मी नदीच्या बांधावरून बरंच अंतर चालले. कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजोबांनी कुठली म्हणून विचारलं. भारत म्हटल्यावर ते थांबलेच. त्यांच्या आईने तो हिवाळा घराच्या तळघरात काढला होता, आणि पगडीवाले सैनिक दिसले तेव्हा सुटका झाली असं ती सांगायची. मी त्यांना निमजबद्दल सांगितलं, जमेल तेवढ्या इटालियनमध्ये. त्यांनी गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं.

फोर्लीला भारतीय सैनिकांचं युद्धस्मशान आहे. तिथे ४९६ कबरी आहेत, आणि ज्यांच्यावर अग्निसंस्कार झाले अशा ७६८ जणांची नावं वेगळ्या स्मारकावर आहेत. मराठी नावं वाचताना गावं आपोआप डोळ्यांपुढे येतात. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते १० जुलै १९४४ ला पडले ते दक्षिणेला, तिबेर नदीच्या खोऱ्यात. उंब्रियातल्या मोंतोने या गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. ते बोलोन्यापासून लांब आहे, गाडी असलेली मित्रमंडळी मिळाली तर जा. फोर्लीला मात्र जाच. मराठी मुलं तासाभरावर राहून दोन वर्षांत तिकडे फिरकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भारताची आठवण अनावर झाली तर रेज्जोहून नोव्हेल्लारा गाठा. पार्मेजान चीजसाठी लागणाऱ्या दुधाच्या गोठ्यांत इथे अनेक वर्षं पंजाबी माणसं राबतात, आणि गावात मोठा गुरुद्वारा आहे. लंगरमध्ये डाळ-रोटी वाढताना तुम्हाला कुणी काही विचारत नाही. बैसाखीच्या सुमाराला मिरवणूक निघते, तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं.

खाण्याबद्दल एवढंच: अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, आणि पियादीना या पोळीत पारंपरिकरीत्या डुकराची चरबी घालतात. ऑलिव्ह तेलाची पियादीना मिळते, आधी विचारून घ्या.

गाड्यांबद्दल: रेजोनाले, म्हणजे जवळच्या अंतराच्या साध्या, गाड्यांचं तिकीट आज काढा की महिन्याआधी, दर तोच. कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड. संप वरचेवर होतात, पण कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या गाड्या धावतात. चर्चं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती तीनच्या सुमाराला उघडतात, त्यामुळे सकाळची लवकरची गाडी बरी. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात.

क्रम विचाराल तर ऑक्टोबरात फेरारा, कारण नोव्हेंबरपासून पो नदीच्या खोऱ्यात धुकं बसतं आणि तटावरून पुढचं झाड दिसत नाही. नोव्हेंबरात ब्रिसिगेल्ला, तेव्हा ऑलिव्हची तोडणी असते. राव्हेन्ना परीक्षा संपल्यावर फेब्रुवारीत, सगळं छपराखालीच आहे आणि गर्दी नसते. एप्रिलमध्ये सेनिओचा बांध, फोर्ली आणि नोव्हेल्लारा. ऑगस्टच्या मध्यात मात्र कुठेच जाऊ नका, दुकानं आणि खानावळी बंद असतात. सप्टेंबरची एखादी परीक्षा राहिली असेल तर तेवढ्यात तिची तयारी उरकून घ्या.