मशीन घ्या, पण दसरा झाल्यावर

प्रश्न : मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात मालकी रानातली अकेशिया, सिल्व्हर ओक, जुने आंबे-काजू तोडायची कामं टनावर घेतो. नोव्हेंबर ते मे, महिन्याला वीसेक दिवस काम असतं. चेनसॉ (झाडं कापायची मशीनची करवत) रोज 600 रुपये भाड्यानं आणतो. आता स्वतःचा घ्यायचाय. बिनब्रँडचा 58 सीसी 9,500ला, स्टिल कंपनीचा एमएस 250 हा 36,000ला आणि एमएस 261 68,000ला सांगतात. दुकानदार बारा हप्ते देतो, 12 टक्के फ्लॅट. शिल्लक 85,000, घरखर्च महिना 15,000. एका वखारवाल्याकडून 30,000 यायचे आहेत. कुठला घेऊ?

उत्तर : 261 घ्या. पण आता मे महिन्यात नको, आणि दुकानदाराच्या हप्त्यावर तर मुळीच नको.

आधी मशीनचं बोलू. बार-चेन (कापणारी साखळी आणि ती फिरते ती पट्टी) सोडून 250 भरतो 4.6 किलो आणि 261 भरतो 4.9, म्हणजे हाताला फरक जाणवतही नाही. ताकद मात्र 2.3 किलोवॅट आणि 3 किलोवॅट. शिवाय 261 रोज धंद्यावर चालवायला बनवलाय. 250 सरपण आणि शेतातल्या अधूनमधून कामाला चांगला. तुम्ही दिवसाला चार-पाच तास चालवणार, हंगामात सहा-सातशे तास होतात. 58 सीसीच्या आकड्याला भुलू नका. ऐन फेब्रुवारीत क्लच गेला आणि पार्ट बेळगावात मिळाला नाही, तर हेल्परांची हजेरी तुमच्या खिशातून जाणार.

पेट्रोल-ऑईल आजही तुम्हीच घालता, त्यामुळे ते हिशेबात नको. चेन, बार, कानस, प्लग, सर्व्हिसिंग मिळून रोजचे 150 धरा. म्हणजे भाड्यातले 450 वाचतात. 68,000 वसूल व्हायला 151 दिवस लागतील, एक हंगाम आणि वर थोडे दिवस. धंद्याच्या हत्याराला हे महाग नाही.

मग अडचण कुठे? जून ते ऑक्टोबर. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार! काम पुन्हा नोव्हेंबरात, तोवर पाच महिन्यांचा घरखर्चच 75,000, म्हणजे तुमची खरी शिल्लक 10,000. वखारवाल्याचे 30,000 हातात पडेपर्यंत मोजूच नका. आता हप्त्यावर घेतला, तर महिना साधारण 6,350 प्रमाणे चार हप्ते पावसातच भरावे लागतील, आणि मशीन माळ्यावर! 12 टक्के फ्लॅट म्हणजे अख्ख्या 68,000वर वर्षभर व्याज, 8,160 रुपये. हेच कर्ज घटत्या बाकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज धरून, 12 टक्क्यांनी घेतलं, तर व्याज साडेचार हजारांच्या आसपास. दुकानदार ‘बाराच टक्के’ म्हणतो, पण प्रत्यक्षात ते एकवीस-बावीस टक्क्यांना पडतं.

म्हणून असं करा. पावसाळा शिलकीवर काढा. खंडेनवमीला पूजेत नवं मशीन नसलं तरी चालतंय. दिवाळीच्या आसपास 10,000 रोख भरा आणि 58,000 बँकेकडून मुद्रा या छोट्या धंद्यांच्या सरकारी कर्जयोजनेच्या ‘किशोर’ गटात मागा. खालच्या ‘शिशू’ गटाची मर्यादा 50,000च आहे. पतसोसायटीतून घेणार असाल तर एकच विचारा : व्याज घटत्या बाकीवर का फ्लॅट? घटत्या बाकीवर 12 टक्क्यांनी सात महिन्यांचा हप्ता साधारण 8,620 बसतो. भाड्याचे महिना 9,000 वाचतायत, त्यातूनच तो जाईल आणि पुढचा पाऊस लागायच्या आत कर्ज फिटेल. थोडे उरतील ते पिग्मीत (रोजच्या छोट्या बचतीत) टाका, चेन-बारला उपयोगी पडतील.

पुढच्या पावसाळ्यात मशीन ठेवताना टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉलचं पेट्रोल महिनोन् महिने आत राहिलं की कार्ब्युरेटर धरतो, आणि तो खर्च माझ्या 150मध्ये नाही.

कागदांचंही बघा. कर्नाटकात झाडतोडीला 1976चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, चंदगडच्या हद्दीत गेलात की महाराष्ट्राचा 1964चा. कुठल्या झाडाला परवाना लागतो, कुठल्या मालाला वाहतुकीचा पास, हे वनखात्याच्या रेंज ऑफिसात विचारा. मालकाच्या तोंडी शब्दावर मशीन चालू करू नका. कागद कन्नडमध्ये असला तर कुणाकडून तरी वाचून घ्या. बेकायदा तोडीत हत्यारही जप्त होतं, आणि हप्ता काही थांबत नाही.

हेल्मेट, चॅप्स (पाय वाचवणारं जाड आवरण), बूट यांना दहा-बारा हजार लागतील. वखारवाल्याचे पैसे आले की पहिले तिथे घाला. आणि बँकेत जाताच आहात तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा. वर्षाला 20 रुपये खात्यातून कापतात, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं कवच मिळतं. हेल्परांचाही काढायला लावा.