लाट, नदी आणि होल : कयाकबद्दल वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमधल्या विद्यापीठांचं वर्ष सप्टेंबरअखेर सुरू होतं आणि क्लबांची नावनोंदणीही तेव्हाच होते. तिकडे गेलेल्या मराठी मुलांकडून आणि इथल्या वाचकांकडून आलेले कयाकचे (दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने, म्हणजे पॅडलने, चालवायच्या अरुंद बोटीचे) प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

पुण्याहून नॉटिंगहॅमला एम.एस्सी.साठी आलो आहे. कयाक क्लबमध्ये नाव घातलंय. पोहता येतं, पण कयाकमध्ये कधी बसलेलो नाही. क्लब वर्षभरात पूल, समुद्र, नद्या आणि वसंतात फ्रीस्टाइल (पाण्यावर बोटीच्या करामती करण्याची) स्पर्धा असं सगळं करतो. एका वर्षात हे झेपेल का? सुरुवात कुठून करू? – विद्यार्थी, नॉटिंगहॅम

झेपेल, मात्र समुद्र, नदी आणि फ्रीस्टाइल या तिन्ही गोष्टींत सारखीच प्रगती होईल अशी अपेक्षा ठेवू नका. समुद्र पहिला घ्या. नवख्यांना समुद्राची भीती वाटते आणि ते ही सहल वसंतापर्यंत लांबवतात, तिथेच गणित चुकतं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या डेव्हन-कॉर्नवॉलचं पाणी ऑक्टोबरात साधारण १५ अंश असतं, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ९-१० अंशांवर येतं. शिवाय वाळूच्या किनाऱ्यावर कंबरेएवढ्या लाटेत उलटलात तर खाली खडक नसतो. लाटेवर बोट आडवी होते आणि तिथे बोट एका कडेवर तिरकी धरून राहणं शरीर आपोआप शिकतं. नदीत पुढे हीच गोष्ट उपयोगी पडते.

नद्यांचा हंगाम थंडीतला. तिथल्या बहुतेक नद्या लहान आणि पावसावर चालणाऱ्या, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च त्या भरलेल्या असतात. पहिल्या सहलींसाठी ग्रेड २ पुरे (नदीची अवघडता १ ते ६ अशी मोजतात). डेव्हनमधल्या डार्ट नदीचा ‘लूप’ हा ग्रेड २-३ चा टप्पा रोल (उलटल्यावर बोटीतच बसून परत सरळ होणं) बसल्यावर करा. वेल्समधली ट्रायवेरिन धरणाच्या पाण्यावर चालते, म्हणून कोरड्या हवेतही मिळते. पण तिचा वरचा टप्पा ग्रेड ३-४ चा आहे. पहिल्या डिसेंबरात तिथे नेणारा सिनियर भेटला तर नम्रपणे नाही म्हणा.

फ्रीस्टाइलसाठी तुम्ही योग्य गावात आहात. होम पिअरपॉइंटचा कृत्रिम प्रवाह ट्रेंट नदीच्या पाण्यावर चालतो, लांबी सुमारे ७०० मीटर. २०२२ ची फ्रीस्टाइल जागतिक स्पर्धा तिथेच झाली. विद्यार्थ्यांची स्पर्धाही तिथेच भरते आणि नवख्यांचा गट वेगळा असतो. आधी त्या प्रवाहातून एका एडीतून दुसऱ्या एडीत नीट जाता यायला हवं. एडी म्हणजे अडथळ्यामागचं, उलट्या दिशेने हळू फिरणारं पाणी. करामती त्यानंतर.

पूलमध्ये दहापैकी नऊ रोल बसतात, नदीत एकही नाही. काय चुकतंय? – विद्यार्थिनी, लीड्स

पूलमध्ये उलटण्याचा क्षण तुम्ही ठरवता आणि पॅडल आधीच जागेवर असतं. नदीत तुम्ही वल्हं मारता मारता उलटता. तेव्हा पॅडल कुठेही असू शकतं, नाकात पाणी जातं आणि घाई होते. घाई झाली की डोकं आधी वर येतं. चूक तिथेच होते. डोकं वर उचललं की त्या बाजूचा गुडघा सुटतो, कंबरेचा झटका उलटा बसतो आणि बोट अर्ध्यावरून परत पालथी होते. डोकं सगळ्यात शेवटी यायला हवं. त्यासाठी वर येताना पात्याकडे बघत राहा. नजर पात्यावर असली की डोकं आपोआप खाली राहतं.

दुसरं कारण पात्याच्या कोनाचं. पातं पाण्यावर सपाट सरकण्याऐवजी त्याची पुढची कड खाली झुकली, तर पॅडल बुडतं आणि आधारच उरत नाही. उलटल्यावर आधी पुढे वाका, दोन्ही हात बोटीच्या कडेला लावून पाण्याबाहेर ढकला, मनगट वळवून पातं सपाट करा आणि मग फिरवा. याला दोन सेकंद जास्त लागतात. ते द्या.

सराव बदला. पूलमध्ये पॅडल एका हातात धरून उलटा, वल्हं मारता मारता उलटा, नोजक्लिप काढून उलटा, दोन्ही बाजूंनी रोल करा. मग शांत तळ्यात, मग एडीच्या रेषेवर, शेवटी प्रवाहात. होलमध्ये (पाणी अडथळ्यावरून पडून मागे उलटं फिरतं त्या फेसाळ खळग्यात) किंवा फुटलेल्या लाटेत नियम एकच: फेस ज्या बाजूला, त्या बाजूने रोल. नदीतल्या होलमध्ये ती प्रवाहाची खालची बाजू, समुद्रात खोल पाण्याची. उलट बाजूने प्रयत्न केलात तर पाणी तुम्हाला पुन्हा खाली दाबतं.

नदीची जुनी प्लास्टिक कयाक मिळाली आहे. कोकणातल्या समुद्रात सर्फिंग करता येईल का? – वाचक, रत्नागिरी

येईल. पंखांची, सपाट बुडाची खास सर्फ कयाक सुरुवातीला लागत नाही. जून ते सप्टेंबर मात्र समुद्र सोडा. पावसाळा सरल्यावर लाटा लहान होतात आणि शिकायला त्याच हव्यात. किनारा मंद उताराचा, वाळूचा, पोहणारे नसलेला निवडा. गणपतीपुळे नको, तिथली ओढ जोराची आहे आणि पाण्यात भाविकांची गर्दी असते. उतरण्याआधी कोळीबांधवांना विचारा. रांपण लावलेली असेल तर त्या बाजूला फिरकायचंही नाही. जाळ्यात बोट अडकली तर त्यांचं नुकसान आणि तुमचा जीव धोक्यात.

सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. त्यांनी लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो, म्हणून सर्फिंगला हीच वेळ चांगली. पण हेच वारे मोकळी बोट आणि थकलेला माणूस दोघांनाही खोल समुद्राकडे ढकलतात, म्हणून एकट्याने जाऊ नका. दुपारी खारे वारे सुटले की पाणी खवळतं आणि लाटांचा आकार बिघडतो.

बाहेर जाताना लाटांना काटकोनात जा, फुटणाऱ्या लाटेवर पुढे झुकून पातं तिच्यापलीकडे टाका. परत येताना बोटीचं नाक खाली बुडायला लागलं तर मागे रेला. बोट आडवी झाली, आणि ती होणारच, तर लाटेच्या बाजूला झुका, पातं फेसावर ठेवा, कोपर खाली. किनाऱ्याकडे झुकलात तर क्षणात पालथे. लाटेच्या फुटणाऱ्या टोकाजवळ जो आहे, लाट त्याची. दुसऱ्याने मागे थांबायचं.

बोटीबाहेर पडलात तर बोट आणि किनारा यांच्यामध्ये कधीही राहू नका. २५० लिटरच्या बोटीत पाणी भरलं की ते २५० किलो होतं, आणि पुढची लाट ते वजन तुमच्यावर आणून आपटते. पुढे-मागे हवेच्या पिशव्या बसवल्या की एवढं पाणी शिरायला जागाच राहत नाही. जुन्या बोटीवर पहिला खर्च त्यांचाच करा.

कोल्हापूरकडे आमच्या गावात के. टी. (कोल्हापूर टाइप) बंधाऱ्याखाली पावसाळ्यात छान लाट तयार होते. तिथे फ्रीस्टाइलचा सराव केला तर? नाहीतर कुंडलिकेवर जावं का? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

बंधाऱ्यावर नाही. अगदी कमी पाण्यातही नाही.

नैसर्गिक होल सहसा कुठेतरी तुटलेला असतो, त्याच्या टोकांकडून पाणी बाहेर निसटतं आणि त्यासोबत तुम्हीही निघता. बंधाऱ्यावरून पाणी या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखं पडतं. खालचा फेस त्यामुळे वरच्या दिशेला, भिंतीकडे परत ओढतो आणि बाजूला निसटायला दोन्ही टोकांना काँक्रीट. वर येणारं, पुन्हा ओढलं जाणारं, पुन्हा दाबलं जाणारं असं चक्र चालूच राहतं. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यातून सुटत नाही, आणि काठावरून दिसणारी ती गुळगुळीत, सुबक लाट हीच या सापळ्याची खूण आहे. बरगे (बंधाऱ्याच्या खांबांमध्ये बसवायच्या फळ्या) काढलेले असतील तर धोका बदलतो, जात नाही: खांबांमधल्या अरुंद फटींतून पाणी निघून जातं, बोट आडवी अडकते आणि पाण्याच्या दाबाने खांबाला चिकटून बसते. वाहून आलेले ओंडके आणि झाडंही तिथेच अडकतात. शिवाय वरच्या धरणाचा विसर्ग वाढला तर तासाभरात सगळं चित्र पालटतं. बातम्यांतला आकडा समजून घ्या: १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, १,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ टन पाणी.

कुंडलिका वेगळी. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीज केंद्रातून कुंडलिकेत उतरतं आणि कोलाडजवळचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. ग्रेड २-३, पाणी साधारणतः सकाळी. दुपारी उतरलं की खडक वर येतात. राफ्टवाल्यांशी बोलून त्यांच्या ताफ्यासोबत उतरा. त्यांचे सेफ्टी कयाकर त्या पाण्यावर रोज असतात. सोबत २० मीटरची थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोरीची पिशवी) आणि ती फेकण्याचा सराव. काठावर उभं राहून दहा मीटरवरच्या बादलीत दोरी पडेपर्यंत फेका. नदीत पहिली फेक चुकली तर दुसरी सहसा उशिरा पोचते. पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय पुढे, पायांची बोटं पाण्याबाहेर. वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाऊल दोन खडकांत अडकलं की प्रवाह माणसाला पुढे पाडून डोकं पाण्याखाली दाबतो.

लूप (होलमध्ये बोटीसकट पुढे मारायची कोलांटी) अर्ध्यावर पडतो. बोट उभी राहते, मग बाजूला कलंडते. – विद्यार्थी, नॉटिंगहॅम

‘बाजूला’ कलंडते म्हणजे नाक आत जाताना बोट तिरकी आहे. एक नितंब जास्त दाबला जातो, बहुतेकदा ज्या हाताने शेवटचं वल्हं मारलं त्याच बाजूचा. शेवटचं वल्हं आणि नाक बुडवणं यांत अर्धा क्षण ठेवा, बोट सपाट करा, नजर समोर वरच्या प्रवाहाकडे.

क्रम असा. फेसाच्या वर सुरुवात करा, खाली घसरा, आणि फेस व वरून येणारं हिरवं पाणी जिथे मिळतात त्या रेषेवर नाक द्या. मागे फेसातच राहिलात तर नाकाला खाली नेणारं पाणीच मिळत नाही; बोट नुसती डोलते. नाक आत गेलं की पायांवर उभे राहा: गुडघे सरळ, छाती वर, हात वर. पाणी बोटीला वर फेकतं त्या क्षणी उडी, आणि लगेच छाती पुढच्या डेकवर आदळल्यासारखी खाली. इथे अनेक जण ताठच राहतात. ताठ राहिलात की फिरणं मंदावतं आणि बोट पाठीवर पडते. बोट उभी होण्याआधी उडी मारली तरी हेच होतं.

बोट अंगाला घट्ट बसलीय का तेही पाहा. पायांपुढे फोम नसेल आणि टाचा हलत असतील तर उडीचा जोर रिकाम्या जागेत जातो. बूट घालून पाय पुढे दाबल्यावर बोटभरही फट राहू नये. कंबरेला दोन्हीकडे सारख्या जाडीचा फोम. पाणी दोन मीटर तरी खोल हवं.

स्पर्धेत एका फेरीला ४५ सेकंद असतात. तीच करामत पुन्हा केली तर दुसऱ्यांदा गुण नाहीत. म्हणून फक्त लूप घोटत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंची स्पिन (सपाट गिरकी), कार्टव्हील (बोटीच्या टोकांवर उभ्या गिरक्या) आणि मग लूप असं ठेवा. नवख्याच्या फेरीत होलमधून बाहेर न फेकलं जाणं हेच अर्धं काम आहे.

मुलगी कार्डिफला आहे. कयाकिंगमध्ये खांदा निखळतो असं ऐकलं. खरं आहे का? – आई, नाशिक

खरं आहे, ताई, आणि टाळताही येतं. हात सरळ ताणून डोक्याच्या वर किंवा पाठीमागे गेला असताना पाण्याचा झटका बसला की खांदा निखळतो. कोपर वाकलेलं, खांद्याच्या खाली आणि छातीच्या पुढे राहिलं तर तो बराच सुरक्षित. मागे वळायचं असेल तर फक्त हात नाही, पूर्ण धड वळवायचं. तरुण वयात एकदा खांदा निखळला की पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते. म्हणून फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्याशिवाय परत पाण्यात नको, मग स्पर्धा उद्या असली तरी. थंडीत चांगला ड्रायसूट किंवा वेटसूटही तितकाच महत्त्वाचा: गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात राहत नाही आणि पुढच्या दहाएक मिनिटांत हातांची पकड जाते.

कयाकच्या बुडाला सीटखाली चीर गेली आहे. एम-सील लावू का? – वाचक, ठाणे

नको. एम-सील असो वा फायबरचं रेझिन, पॉलिथिलीनला (बोटीच्या प्लास्टिकला) टिकून चिकटत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना ५-६ मिलिमीटरचं छिद्र पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडे त्याच प्लास्टिकची कांडी वापरून भरून घ्या. लिनिअर पॉलिथिलीन असेल तर हे जमतं. क्रॉस-लिंक असेल तर ते वितळत नाही आणि बोट गेलीच समजा. बूड नुसतं आत दबलं असेल तर दोन तास उन्हात पालथी ठेवा, बहुधा स्वतःच फुगून येतं. एरवी मात्र सावलीत, कडेवर उभी.

पुरानंतरच्या नदीत उतरलं तर लेप्टो होतो का? – वाचिका, कुडाळ

होऊ शकतो. उंदीर-घुशी आणि जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात आणि खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यांतून, नाकातोंडातून शरीरात शिरतात. गढूळ पाणी उतरेपर्यंत थांबा, जखमा जलरोधक पट्टीने झाका, बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने अंघोळ करा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्या. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल ही लक्षणं सहसा ५ ते १४ दिवसांनी दिसतात, क्वचित महिन्यानेही. तेव्हा डॉक्टरांना ‘नदीत कयाक केली होती’ हे स्वतःहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही.