घरी बांधायला घेतलेले लाकडी विमान अर्धवट सोडायचे ठरवले आहे. सांगाडा विकावा की मोडावा?

बांधकामाची नोंदवही, छायाचित्रे आणि ग्लूच्या प्रत्येक मिश्रणाचे चाचणी-तुकडे (त्या मिश्रणाने चिकटवून ताकद तपासण्यासाठी केलेले लाकडाचे नमुने) जपून ठेवले असतील तर सांगाडा आहे तसाच विकावा. नसतील तर इंजिन, उपकरणे, चाके आणि न वापरलेले लाकूड वेगळे काढून विकावे आणि जोडलेला पंख कोणालाही उड्डाणासाठी देऊ नये. लाकडी विमानाची ताकद बहुतांशी सांध्यांवर अवलंबून असते आणि वर प्लायवुड बसले की स्पारचे, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईचे, सांधे डोळ्यांना दिसत नाहीत. लाकूड चिकटवायच्या ग्लूंपैकी रिसॉर्सिनॉलला तंतोतंत बसणारा सांधा आणि भरपूर दाब लागतो, तर इपॉक्सी बारीक फट भरून काढते, पण उष्णतेने मऊ पडू शकते. त्यामुळे कोणते ग्लू कोणत्या तापमानाला, किती दाबाखाली वापरले हे लिहिलेले नसेल, तर कारागिरी कितीही सुबक दिसली तरी घेणाऱ्याने तिच्या भरवशावर जीव धोक्यात घालणे योग्य नाही. शिवाय हौशी बांधणीच्या विमानाला परवानगी मागताना काम कोणी व कसे केले याचा पुरावा अनेक देशांत द्यावा लागतो, आणि तो पहिल्या बांधणाऱ्याकडूनच मिळू शकतो. आपण घातलेले तास मात्र किमतीत धरू नयेत. ते सहसा वसूल होत नाहीत. पंखाच्या फासळ्या आणि स्पार अजून उघडे असतील, तर अनुभवी तपासनीस सांधे पाहू शकतो, म्हणून अशा वेळी तुकडे करण्याची घाई करू नये. गिऱ्हाईक मिळेपर्यंत सांगाडा कोरड्या जागी, सपाट आधारावर ठेवावा.