वाचक विचारतात : गुन्ह्याची वर्षपूर्ती आणि कायद्याची मुदत

प्रश्न : बोस्टनमध्ये ब्रिंक्स या रोकड सांभाळणाऱ्या कंपनीवर पडलेल्या दरोड्यातल्या चोरांनी सहा वर्षे लुटीला हात लावायचा नाही असे ठरवले होते, असे वाचले. सहाच वर्षे का? (वाचक, सातारा)

उत्तर : कारण मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यात सशस्त्र लुटीचा खटला भरायची मुदत तेव्हा सहा वर्षांची होती. दरोडा पडला 17 जानेवारी 1950 च्या संध्याकाळी. म्हणजे 17 जानेवारी 1956 उलटली की राज्य सरकारचे हात बांधलेले. लुटीत केंद्र सरकारचाही पैसा असल्यामुळे तपासात एफबीआय उतरली होती, पण केंद्राची मुदत तीनच वर्षांची. केंद्राच्या ग्रँड ज्युरीने (खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणारे नागरिकांचे मंडळ) जानेवारी 1953 मध्ये कोणावरही आरोप न ठेवता काम गुंडाळले आणि ती वाट बंद झाली.

तयारी पाहिली तर ही मंडळी कच्ची नव्हती. रात्री आत शिरून दारांच्या कुलपांचे सिलिंडर काढायचे, किल्ल्या बनवून घ्यायच्या आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी सिलिंडर जागच्या जागी बसवायचे, असे त्यांनी एकेका दाराचे केले. दरोड्याच्या दिवशी नौदलाच्या धर्तीचे कोट, ड्रायव्हरच्या टोप्या, मुखवटे, आणि आवाज होऊ नये म्हणून रबरी तळाचे बूट. अर्ध्या तासाच्या आत 12 लाख डॉलरहून जास्त रोकड आणि साधारण 15 लाखांचे चेक व रोखे घेऊन ते पसार झाले. वापरलेला हिरवा फोर्ड ट्रक पुढे स्टॉटनच्या कचरा डेपोवर सापडला, तोही तुकडे तुकडे केलेला.

गाडी अडली ती वाटणीवर. टोळीतला जोसेफ ओ'कीफ दुसऱ्याच चोरीत पेनसिल्व्हेनियात पकडला गेला. त्याचा हिस्सा साथीदारांकडे होता आणि वकिलांच्या खर्चासाठी मागितला तर कोणी मनापासून देईना. त्याने धमकावायला सुरुवात केल्यावर जून 1954 मध्ये त्याच्यावर भाडोत्री मारेकरी घातला. तो जखमी झाला, पण वाचला. तरीही तो दीड वर्ष गप्पच होता. 6 जानेवारी 1956 ला, मुदतीला अकरा दिवस उरले असताना, तो बोलला. 12 तारखेला सहा जणांना अटक झाली आणि 13 ला राज्याच्या ग्रँड ज्युरीने अकरा जणांवर आरोप ठेवले. मुदत थांबवायला तेवढे पुरे होते. खटला नंतर चालला तरी चालतो. ऑक्टोबरमध्ये आठ जणांना जन्मठेप झाली. पैसा मात्र जेमतेम 58 हजार डॉलर हाती लागला.

प्रश्न : विमानातून उडी मारलेला डी. बी. कूपर आज सापडला, तर मुदत संपली म्हणून सुटेल का? (वाचक, पुणे)

उत्तर : सहज नाही. विमानाचे अपहरण झाले 24 नोव्हेंबर 1971 ला आणि या गुन्ह्याची मुदत पाच वर्षांची समजली जात होती. ती भरत आली तेव्हा, नोव्हेंबर 1976 मध्ये, पोर्टलंडच्या ग्रँड ज्युरीने नाव माहीत नसलेल्या माणसावर, 'जॉन डो, ऊर्फ डॅन कूपर' म्हणून, आरोप ठेवले. तिकिटावर नाव डॅन होते, 'डी. बी.' ही वार्ताहरांची चूक, ती कायमची चिकटली. आरोप मुदतीत दाखल झालेले असल्यामुळे एफबीआयने 2016 मध्ये सक्रिय तपास थांबवला तरी ते आपोआप रद्द होत नाहीत.

खंडणी म्हणून त्याला दिलेल्या 20 डॉलरच्या 10,000 नोटांचे नंबर टिपलेले होते. तरी त्यावरून माणूस मिळाला नाही. नंबरांची यादी छापून वाटली तरी दुकानदार गल्ल्यातली प्रत्येक नोट तिच्याशी ताडून पाहत बसत नाही. वैमानिक लिंडबर्गच्या बाळाच्या अपहरणात (1 मार्च 1932) जमले, कारण खंडणीत मुद्दाम सोन्याच्या हमीच्या नोटा घातल्या होत्या. 1933 मध्ये सरकारने त्या परत मागवल्या आणि त्यानंतर तशी नोट पुढे करणारा माणूस लक्षात राहू लागला. सप्टेंबर 1934 मध्ये अशीच 10 डॉलरची नोट घेताना पेट्रोल पंपावरच्या माणसाने तिच्या कडेला गाडीचा नंबर लिहिला, आणि आरोपी हाउप्टमान सापडला. कूपरच्या नोटांत असे काही वेगळेपण नव्हते. त्यातल्या 5,800 डॉलरच्या नोटा 1980 मध्ये कोलंबिया नदीकाठच्या वाळूत एका लहान मुलाला मिळाल्या, गड्ड्यांचे रबर बँड अजून शाबूत. बाकीच्या चलनात आलेल्या दिसल्याच नाहीत.

प्रश्न : बोस्टनच्या गार्डनर कला संग्रहालयातल्या चोरीची तारीख कुठे 17 मार्च, कुठे 18 मार्च दिसते. खरी कोणती? (वाचक, नागपूर)

उत्तर : 18 मार्च 1990. चोर पोलिसांच्या वेशात रात्री 1 वाजून 24 मिनिटांनी आत आले, म्हणजे तारीख उलटलेली. आदल्या दिवशी सेंट पॅट्रिक डे होता, बोस्टनमध्ये मोठा सण. म्हणून 'सणाची रात्र' म्हणता म्हणता 17 छापली जाते. चोर 81 मिनिटे आत होते आणि 13 कलाकृती गेल्या. चोरीच्या गुन्ह्याची मुदत 1995 मध्येच संपली, त्यामुळे त्या दोघांवर आज चोरीचा खटला होणार नाही. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा मात्र वेगळा गुन्हा आहे, आणि संग्रहालयांतल्या चोऱ्यांसाठी 1994 मध्ये केलेल्या कायद्यात मुदत 20 वर्षांची आहे. चित्रे परत मिळवून देणाऱ्याला 1 कोटी डॉलरचे इनाम अजून उभे आहे.

प्रश्न : आपल्याकडे दरोडेखोर असे दिवस मोजत बसू शकतो का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 प्रमाणे मुदत फक्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना आहे : नुसता दंड असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, त्यापुढे तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षे. दरोडा, खून, अपहरण यांना मुदत नाही. साध्या चोरीला तीन वर्षांची आहे, आणि ती मोजताना तक्रार किंवा एफआयआर कधी नोंदली ते पाहतात, कोर्टाने दखल कधी घेतली ते नाही. त्यामुळे तक्रार वेळेत नोंदवलेली असेल, तर पुढे कोर्टात वेळ गेला म्हणून फिर्यादीचे नुकसान होत नाही.